गोष्ट नाथांची नव्हे, गाढवाची सांगा : संतकथांतून लहान मुलांपर्यंत कळवळा पोचवताना

एकनाथांची गोष्ट मी मुलीला पहिल्यांदा सांगितली तेव्हा ती साडेचार वर्षांची होती. काशीहून गंगेचं पाणी कावडीत भरून रामेश्वराला निघालेले नाथ, वाटेत वाळूत तडफडणारं तहानलेलं गाढव, आणि नाथांनी ते सगळं पाणी त्याच्या तोंडात ओतणं. मी लहानपणी ऐकली तशीच सांगितली. शेवटी ‘म्हणून सगळ्या प्राण्यांवर दया करावी’ हे शेपूटही लावलं. शेपटाकडे तिनं लक्षच दिलं नाही. तिनं विचारलं, “पण गाढवाला तहान लागलीय हे त्यांना कसं कळलं? गाढव बोललं का?”

मी गप्प झाले. इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. मी ऐकलेल्या प्रत्येक गोष्टीत नाथ थोर होते, आणि गाढव नुसतं त्यांच्या थोरवीला निमित्त होतं. मुलीला मात्र नाथांपेक्षा गाढवाची काळजी पडली होती. आणि ‘कसं कळलं’ हाच तर सगळ्यातला कळीचा भाग आहे. न बोलणाऱ्याचं दुःख ओळखता येणं, ही कळवळ्याची पहिली पायरी.

कळवळा हा शब्द मी मुद्दाम वापरते. सहानुभूती, समानुभूती हे शब्द चांगलेच आहेत, पण ते पुस्तकात राहतात. तुकोबांनी ‘ऐसी कळवळ्याची जाति, करी लाभाविण प्रीति’ म्हटलं ते आईच्या मनाबद्दल, आणि लहान मुलाला तेच आधी समजतं. दया वरून खाली दिली जाते. कळवळा पोटात उठतो. आपल्याला मुलांमध्ये कळवळा रुजवायचा आहे, म्हणून गोष्ट सांगायची रीतही थोडी बदलावी लागते. घरात आणि सोसायटीतल्या मुलांच्या रविवारच्या गोष्टींच्या तासाला गेली काही वर्षं मी जे करत आले, ते क्रमानं सांगते.

मुलाचं वय आधी पाहा

घरी एक छोटा खेळ करून बघा. बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात पेन्सिली भरा. मुलाला विचारा, आत काय असेल? ते बिस्किटं म्हणेल. डबा उघडून पेन्सिली दाखवा, परत बंद करा आणि विचारा, “आता आजोबा आले आणि त्यांनी हा बंद डबा पाहिला, तर आत काय आहे असं त्यांना वाटेल?” तीन वर्षांचं मूल बहुतेक वेळा ‘पेन्सिली’ म्हणतं. जे मला माहीत आहे ते आजोबांनाही माहीत असणार, असा त्याचा हिशोब असतो. साधारण चार-पाचच्या वयात उत्तर बदलतं : “आजोबांना बिस्किटं वाटतील!” दुसऱ्याच्या डोक्यात वेगळं काही असू शकतं, हे मुलाला तेव्हा उमगलेलं असतं. मानसशास्त्रात हा प्रयोग निरनिराळ्या रूपांत पुन्हा पुन्हा केला गेला आहे.

याचा अर्थ तीन वर्षांच्या मुलाला कळवळा नसतो असा नाही. शेजारचं बाळ रडलं की तेही रडवेलं होतं, आपली बाहुली त्याच्यापुढे धरतं. फक्त त्याला ‘त्याच्या मनात काय चाललं असेल’ असं विचारून उपयोग नसतो. त्याच्यासाठी गोष्ट अंगानं सांगायची : जीभ बाहेर काढून दाखवायची, गरम वाळूवर पाय उचलून नाचायचं. चार ते सहाच्या मुलांना मनातलं विचारायचं. सात-आठच्या पुढे ‘हे बरोबर होतं का, कुणी केलं, का केलं’ इथपर्यंत जाता येतं.

गोष्ट निवडताना

माझी कसोटी एकच आहे. गोष्टीतल्या गरजवंताची गरज अंगावर दाखवता येते का? तहान, भूक, पोळलेले पाय, बंद दार, खेळात न घेतलं जाणं. हे मुलाला स्वतःच्या अंगावरून माहीत असतं. मोक्ष, वैराग्य, अहंकार हे त्याला माहीत नसतं.

या कसोटीला आपल्याकडच्या कितीतरी गोष्टी उतरतात. नाथांचं गाढव आहेच. पैठणला भर दुपारी गोदेच्या वाळूत पाय भाजून रडणारं मूल नाथांनी कडेवर उचलून घरी पोचवलं, ती गोष्ट आहे. नामदेवांच्या ताटातली पोळी (कुठे भाकरी सांगतात) कुत्र्यानं पळवली, तर ‘कोरडी कशी खाशील?’ म्हणत ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. मुक्ताबाईची ताटीची गोष्ट आहे, तिच्याकडे पुढे सविस्तर येते. यांतल्या पुष्कळ कथा अठराव्या शतकात ताहराबादच्या महिपतींनी संतचरित्रांत ओवीबद्ध केल्या, आणि कीर्तनकारांनी त्या गावोगाव नेल्या. त्यामुळे एकाच गोष्टीची चार रूपं सापडतात. त्याची चिंता करू नका, आजीनं सांगितलेलं रूप घ्या.

काही गोष्टी मात्र थांबवून ठेवा. श्रियाळ-चांगुणेची चिलया बाळाची गोष्ट सात वर्षांच्या आतल्या मुलाला सांगू नये, असं माझं ठाम मत आहे. आपलेच आई-वडील आपल्याला उखळात घालतात हे ऐकून मुलाच्या मनात भक्ती उभी राहत नाही, भीती बसते. रात्री तर नकोच नको. श्रावणबाळाची गोष्ट कावडीपर्यंत सांगावी, बाण नंतर कधीतरी. शिबी राजानं स्वतःचं मांस तोलून देणंही मोठ्या मुलांसाठी. घाबरलेलं मूल दुसऱ्याचा विचार करत नाही, ते स्वतःला सांभाळत बसतं.

गोष्ट छाटा

मोठ्यांची चूक अशी की आपण सगळं चरित्र सांगायला जातो. नाथ पैठणचे, भानुदासांचे पणतू, देवगिरीला जनार्दनस्वामींकडे गेले. हे सगळं खरं आहे, पण आज रात्री नको. आज एकच दृश्य. मी आधी मनाशी तीन खुणा ठरवून घेते. गाढवाच्या बाबतीत त्या अशा : बाहेर लोंबणारी कोरडी जीभ, वर-खाली होणारी कूस, नाकपुडीला चिकटलेली वाळू. एवढं हाताशी असलं की गोष्ट आपोआप चालते.

सांगताना

मी आता ती गोष्ट अशी सांगते :

“एक गाढव होतं. सकाळपासून त्याला पाणी मिळालं नव्हतं. ऊन एवढं, की वाळूला हात लावला तर चटका बसेल. ते चाललं, चाललं, आणि मग त्याचे पुढचे पाय दुमडले. आडवं पडलं. जीभ बाहेर आली. जिभेला वाळू लागली. ती आत घ्यायचीही ताकद नव्हती. त्याला पावलांचे आवाज आले. माणसं आली. ती गेली. परत पावलं आली. तीही गेली...”

इथे नाथांचं नावही आलेलं नाही. मूल गाढवाशेजारी वाळूत बसलेलं असतं. पावलं येतात आणि जातात, तेव्हा त्याचा श्वास अडकतो. मग कावडीतल्या पाण्याचा आवाज येऊ द्या, डुबुक, डुबुक. तो गाढवाच्या कानानं ऐकवा. त्यानंतर नाथ येतात.

कावडीचं मोलही मुलाला कळलं पाहिजे, नाहीतर पाणी ओतण्यात विशेष ते काय? काशी ते रामेश्वर हे अंतर आजच्या रस्त्यांनीही २,००० किलोमीटरहून जास्त आहे. मुलाला आकडा सांगून काही होत नाही. मी मुलीच्या खांद्यावर झाडूची दांडी ठेवली, दोन्ही टोकांना पाण्यानं अर्ध्या भरलेल्या बाटल्या अडकवल्या आणि एक थेंब न सांडता स्वयंपाकघरातून गॅलरीत यायला सांगितलं. बारा पावलं. गॅलरीत पोचल्यावर ती म्हणाली, “आणि ते एवढं लांब चालले?” मग तिनं बाटलीकडे पाहिलं आणि विचारलं, “सगळं पाणी दिलं?”

थांबा आणि विचारा

कावडीचा आवाज आला, नाथ थांबले, की तुम्हीही थांबा. शेवट सांगू नका. एकच प्रश्न विचारा.

“गाढवाला तहान लागलीय हे त्यांना कशावरून कळलं असेल?” हा माझा लाडका प्रश्न, कारण त्याचं उत्तर गोष्टीतच पडलेलं असतं. मूल जीभ आठवतं, कूस आठवते. खुणा वाचायची सवय इथे लागते. दुसऱ्या दिवशी दुसरा प्रश्न : “जी माणसं न थांबता पुढे गेली, त्यांच्या मनात काय असेल?” इथे मुलं फार सुंदर बोलतात. एक मुलगा म्हणाला, “त्यांनाही तहान लागली असेल, आणि त्यांच्याकडे पाणी नसेल.” पुढे जाणाऱ्यालाही समजून घेणं मला सुचलं नव्हतं, त्याला सुचलं.

‘तू काय केलं असतंस?’ हा प्रश्न मी आता विचारत नाही. तो वरवर चांगला वाटतो, पण मुलाला लगेच वास येतो की इथे एक बरोबर उत्तर आहे. ते म्हणतं, “मी पाणी दिलं असतं,” आणि विषय संपतो. तसंच ‘कोण चांगलं, कोण वाईट?’ हेही नको.

प्रश्न विचारून झाला की वाट पाहा. मनात सात अंक मोजा. आपल्याला शांतता सहन होत नाही आणि आपणच उत्तर देऊन टाकतो. मुलाचं उत्तर चुकीचं वाटलं तरी दुरुस्त करू नका, ‘असं का वाटलं?’ एवढंच विचारा. आणि एका गोष्टीला एक-दोनच प्रश्न, नाहीतर गोष्टीची परीक्षा होते.

तात्पर्य सांगू नका

आपल्या पिढीला हे सगळ्यात अवघड जातं. आपण प्रत्येक गोष्टीखाली ‘तात्पर्य’ वाचत वाढलो. पण गोष्ट मुलाच्या पोटात मुरत असताना वरून आपलं वाक्य टाकलं, की मूल ते वाक्य पाठ करतं आणि गोष्ट सोडून देतं. “मग गाढव उठलं,” इतकं सांगून दिवा मालवा.

याहून वाईट म्हणजे गोष्टीचा छडीसारखा वापर. “बघ, श्रावणबाळ कसा होता, आणि तू साधं पाणी आणून देत नाहीस!” हे घराघरात ऐकू येतं. अशानं मुलाला श्रावणबाळाचा राग यायला लागतो, आणि त्यात त्याची काही चूक नाही. भांडणाच्या वेळी संतांना मध्ये आणू नका.

हाताला काम द्या

ऐकलेली गोष्ट दोन-तीन दिवसांत हाताला लागली पाहिजे. काम छोटं हवं आणि मुलाला एकट्यानं करता येण्यासारखं हवं. गाढवाच्या गोष्टीनंतर आम्ही गॅलरीत पक्ष्यांसाठी मातीचं पसरट भांडं ठेवलं. पसरट अशासाठी की चिमणीला काठावर बसून पिता यावं. कुठे ठेवायचं हे मुलीनं ठरवलं : आधी उन्हात ठेवलं, दुपारी बोट बुडवून पाहिलं, पाणी तापलेलं. मग तिनंच ते सावलीत सरकवलं. मी तोपर्यंत तोंड मिटून बसले होते, आणि बसले ते बरं झालं. पाणी रोज बदलायचं, म्हणजे डास होत नाहीत. ही रोजची जबाबदारीच खरी महत्त्वाची. एक दिवस भांडं ठेवून फोटो काढला की मुलाला फोटोची गोडी लागते.

नामदेवांच्या गोष्टीनंतर रस्त्यावरच्या कुत्र्याला पोळी द्यायला मुलं उतावीळ होतात. मोठं माणूस सोबत हवंच. पोळी खाली ठेवून मागे सरकायचं, खाणाऱ्या कुत्र्याला हात लावायचा नाही. इथेही खुणा वाचायला शिकवता येतात : शेपूट कुठे आहे, कान कसे आहेत, तो घाबरलाय की भुकेला आहे?

ताटीची गोष्ट : घरातल्या भांडणांसाठी

प्राण्यांवर माया करणं मुलांना सोपं जातं. धाकट्या भावावर, रुसलेल्या मैत्रिणीवर माया करणं अवघड. त्यासाठी मला मुक्ताबाईच्या गोष्टीसारखी दुसरी गोष्ट सापडलेली नाही.

निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि सगळ्यांत धाकटी मुक्ता. आई-वडील नाहीत. गावानं वाळीत टाकलेलं. एक दिवस ज्ञानदेव बाहेर गेले, कुणीतरी त्यांना टोचून बोललं. ते घरी आले आणि त्यांनी झोपडीची ताटी आतून लावून घेतली. मुक्ता बाहेर. ती दार वाजवत नाही, ओढत नाही. बाहेर बसून ती पुन्हा पुन्हा विनवते, ‘मजवरी दया करा, ताटी उघडा ज्ञानेश्वरा’.

मुलांना ही ओळ घोळवून म्हणायला आवडते. प्रत्येक कडव्यानंतर सगळ्यांनी मिळून म्हणायची. आम्ही ती खेळतोही. पांघरुणाचा तंबू म्हणजे झोपडी. एक जण आत रुसून बसतो, दुसरा बाहेर. बाहेरच्याचे नियम तीन : पांघरूण ओढायचं नाही, ‘त्यात काय एवढं’ म्हणायचं नाही, आणि जायचं नाही. नंतर जागा बदलायच्या. जागा बदलण्यात या खेळाचा सगळा जीव आहे. आत बसल्यावर कळतं की बाहेर कुणीतरी बसून आहे हे किती बरं वाटतं, आणि बाहेर बसल्यावर कळतं की वाट पाहणं किती कठीण.

गोष्टीचा मागचा भाग सात वर्षांच्या पुढे सांगा : विसोबांनी या भावंडांना मांडे भाजायला खापर मिळू दिलं नाही, आणि पुढे तेच विसोबा खेचर नामदेवांचे गुरू झाले. त्रास देणारा माणूस कायम तसाच राहत नाही, हे मुलांना खूप धीर देणारं असतं. वर्गात चिडवणारा मुलगा त्यांना रोज भेटत असतो.

अवघड प्रश्न

“हे खरंच झालं होतं का?” पाचव्या-सहाव्या वर्षी हा प्रश्न येतोच, विशेषतः चमत्कार आले की. मी सांगते, “खूप वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. लोक ती एकमेकांना सांगत आले, आणि त्यांना ती इतकी आवडली की आजपर्यंत जपली.” खोटं बोलत नाही आणि गोष्टही मोडत नाही.

“त्या बाळाला कुणी का उचललं नाही?” गोदेच्या वाळूतलं ते बाळ महारवाड्यातलं होतं. हे गाळून गोष्ट सांगणारे बरेच आहेत. मी गाळत नाही. लहान मुलांना सांगते, “त्या काळी काही घरांतल्या माणसांना इतर लोक शिवत नसत. ते चूक होतं. बाळाला तर ते माहीतही नव्हतं, त्याचे पाय भाजत होते.” आठ वर्षांच्या मुलांना पुढचंही सांगते, की पुढे कितीतरी शतकं हे चालूच राहिलं, आणि २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेब आंबेडकरांनी पाणी ओंजळीत घेऊन प्यायलं, ते इतरांइतकाच पाण्यावर आपलाही हक्क आहे हे सांगायला.

एक काळजी मात्र घ्या. गोष्ट ऐकायला बसलेल्या मुलांत त्या बाळाच्या घरातलीही मुलं असतात. त्यांच्या वाट्याला फक्त कुणीतरी उचलून घेणं येऊ नये. म्हणून या गोष्टीच्या जोडीला चोखोबांचे शब्द हवेतच : ‘ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा’. उसाचं कांडं मुलांच्या हातात द्या, वाकडं मुद्दाम शोधून आणा, आणि रस चाखायला द्या. दुखावलेला माणूस स्वतः काय म्हणतो हे ऐकणं, हाही कळवळ्याचाच भाग आहे.

“मला नाही द्यायचं.” गोष्ट ऐकून रडलेलं मूलही दुसऱ्या दिवशी आपली गाडी छातीशी धरून बसतं. रागावू नका. नाथांनाही कावड खाली ठेवताना काही वाटलं असेल का, असं कधीतरी सहज विचारा. देणं सोपं असतं असं भासवलं, की अवघड वाटणाऱ्या मुलाला आपण वाईट आहोत असं वाटायला लागतं.

पाण्याचा आठवडा

गोष्टींच्या तासाला वेगवेगळ्या घरांतली मुलं यायला लागली, तेव्हा मी एक आठवडा फक्त पाण्याचा ठेवला. पहिल्या दिवशी नाथांचं गाढव. दुसऱ्या दिवशी हदीसमधली, म्हणजे मुहम्मद पैगंबरांच्या वचनांतली गोष्ट : तहानलेला माणूस विहिरीत उतरून पाणी पितो, वर येतो तर एक कुत्रा तहानेनं ओली माती चाटतोय. तो परत उतरतो, आपल्या पायातल्या चामडी मोज्यात पाणी भरतो, आणि चढायला दोन्ही हात लागतात म्हणून तो दातांत धरून वर आणतो. दातांत धरलेल्या मोज्यावर मुलं खिदळतात, मग एकदम गंभीर होतात. तिसऱ्या दिवशी शिखांचे भाई कन्हैया. आनंदपूरच्या लढाईत ते जखमींना पाणी पाजत फिरले, शत्रूच्या सैनिकांनाही. तक्रार झाली, तर गुरू गोविंदसिंगांनी त्यांना जखमांवर लावायला मलमही दिलं. चौथ्या दिवशी येशूनं सांगितलेली, यरुशलेमहून यरिहोला जाणाऱ्या वाटेवर जखमी पडलेल्या वाटसरूची गोष्ट. तिच्यात पाणी नाही, पण तिथेही दोघे जण बघून पुढे जातात, आणि मुलं लगेच ओरडतात, “गाढवासारखंच!”

कोणती गोष्ट कोणत्या धर्मातली हे मी सांगते, लपवत नाही. एका मुलाची आजी यांतली एक गोष्ट त्याला घरी सांगायची, तर त्या दिवशी त्यानंच ती सांगितली, आणि मी ऐकत बसले.

शेवटी गोष्ट मुलाला द्या

एकच गोष्ट महिनाभर सांगायला कंटाळू नका. मुलांना पुन्हा पुन्हा तीच हवी असते. दर वेळी बाजू बदला : एकदा गाढवाच्या बाजूनं, एकदा न थांबता पुढे गेलेल्या माणसाच्या, एकदा चक्क कावडीतल्या पाण्याच्या. मग एके रात्री म्हणा, “आज मी दमलेय, तू सांग.” मधे बोलू नका. तपशील चुकतील, गंगा रामेश्वरात जाईल, गाढवाचा घोडा होईल. होऊ द्या.

माझ्या मुलीनं सांगितलं तेव्हा गाढव पाणी पिऊन उठलं, अंग झटकलं, तिच्या अंगावर वाळू उडाली म्हणून तिनं डोळेही मिटले. मग तिनं आवाज जाड केला. “गाढव म्हणालं, आता तुमची कावड रिकामी झाली ना? द्या इकडे. रामेश्वरापर्यंत मी नेतो.”